मॅप रिव्हीलर आणि कोपऱ्यातला सैनिक

'एज ऑफ एम्पायर्स २' या संगणकावरच्या युद्धखेळाच्या सिनॅरिओ एडिटरमधला (स्वतःचे डाव रचण्याच्या साधनातला) 'मॅप रिव्हीलर' खेळताना दिसत नाही, पण ज्या खेळाडूच्या नावावर तो ठेवला असेल त्याला भोवतालचा प्रदेश उघडून दाखवतो. शत्रूच्या वेशीपाशी घडणारा प्रसंग दाखवायचा असेल, तर रिव्हीलर तिथे आधीपासून मांडू नका, कारण मग खेळाडू सुरुवातीलाच सगळा डाव ओळखून बसतो. त्याऐवजी ट्रिगरमधल्या (ठरलेली अट पुरी होताच आपोआप घडणाऱ्या क्रियांमधल्या) 'क्रिएट ऑब्जेक्ट'ने तो ऐन वेळी आणा आणि प्रसंग संपताच 'रिमूव्ह ऑब्जेक्ट'ने काढून टाका. मात्र काढताना वस्तूचा प्रकार निवडायला विसरू नका, नाहीतर त्या क्षेत्रात उभा असलेला खेळाडूचा घोडेस्वारही गायब होतो (आणि बोल तुम्हालाच लागतो!). शत्रू अकाली बाद ठरू नये म्हणून कोपऱ्यात झाडांनी वेढलेला त्याचा एक सैनिक दडवण्याची युक्ती चांगलीच आहे. फक्त खेळाडूला ओनेजर (दगड फेकणारं यंत्र) मिळणार असेल तर झाडांवर विसंबू नका, ती त्याने तुटतात.