अमेरिकेत न्यायाधीशही निवडणूक लढवतात म्हणे, हे खरं का? आणि एखादा निकाल पटला नाही तर लोक त्यांना घरी बसवू शकतात का?

दोन्ही खरं आहे. दुसरा प्रकार क्वचित घडतो, पण तो घडला तेव्हा मी मतदार होतो, म्हणून लिहितो.

आधी थोडक्यात व्यवस्था सांगतो. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, त्यांचा निवडणुकीशी संबंध नाही. चोऱ्या, मारामाऱ्या, बलात्कार, खून हे बहुतेक खटले मात्र काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) कोर्टात चालतात आणि तिथले न्यायाधीश बऱ्याच राज्यांत मतांवर येतात. कॅलिफोर्नियात मुदत सहा वर्षांची. पक्षाचं चिन्ह नसतं, नावाखाली फक्त 'सरकारी वकील' किंवा 'सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश' असा व्यवसाय छापतात. मधेच जागा रिकामी झाली की राज्याचा गव्हर्नर नेमणूक करतो. आणि खरी मेख अशी की विद्यमान न्यायाधीशासमोर कुणी उभंच राहिलं नाही, तर त्याचं नाव मतपत्रिकेवर येतसुद्धा नाही. आपल्या ग्रामपंचायतीत 'बिनविरोध' म्हणतात ना, तसंच, फक्त इथे गुलालही उधळत नाहीत. कुणाला पत्ताच नसतो.

मी कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला राहतो, म्हणजे सँटा क्लारा काउंटीत. इथले न्यायाधीश एरन पर्स्की यांची कारकीर्द बघा. आधी सरकारी वकील, लैंगिक गुन्ह्यांचे खटले चालवलेले. २००२ मध्ये न्यायाधीशपदासाठी उभे राहिले आणि पडले. २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी त्यांना नेमलं. म्हणजे लोकांनी नाकारलेला माणूस वर्षभरात मागच्या दाराने त्याच कोर्टात बसला. यात बेकायदा काहीच नाही, इथले कितीतरी न्यायाधीश असेच नेमणुकीने येतात.

मग आला स्टॅनफर्डचा खटला. जानेवारी २०१५ मध्ये विद्यापीठाच्या एका जलतरणपटूने बेशुद्ध तरुणीवर कचरापेटीमागे अत्याचार केला. सायकलवरून जाणाऱ्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी त्याला पकडलं. ज्युरीने तिन्ही गुन्ह्यांत दोषी ठरवलं. सरकारी वकिलांनी सहा वर्षं मागितली, पर्स्कींनी २ जून २०१६ रोजी सहा महिने दिले, तेही काउंटीच्या तुरुंगात. प्रत्यक्षात तो तीन महिन्यांत बाहेर आला. त्या तरुणीने कोर्टात वाचलेलं निवेदन दोन दिवसांत जगभर पोचलं. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते पुण्याहून उलटं माझ्याकडे आलं.

आता तारीख बघा. आमच्याकडचं मतदान होतं ७ जूनला, शिक्षेनंतर अवघ्या पाच दिवसांनी. पर्स्कींची मुदत त्याच वर्षी संपत होती. पण अर्ज भरायची मुदत मार्चमध्येच सरलेली, समोर कुणी नाही, त्यामुळे नाव छापलेलंच नव्हतं. आख्खी काउंटी संतापलेली आणि गडी बिनविरोध! पुढची सहा वर्षं पक्की.

उरला एकच मार्ग, रिकॉल, म्हणजे मुदत संपण्याआधीच मतदान घेऊन पदावरून काढणं. आपल्याकडे सरपंचावर अविश्वास ठराव आणतात, त्याचाच भाऊ, फक्त इथे सदस्य नाहीत, थेट मतदार मत देतात. स्टॅनफर्डच्या कायद्याच्या प्राध्यापिका मिशेल डॉबर यांनी मोहीम उभारली. असं मतदान घ्यायला मतदारांच्या सुमारे ५८ हजार सह्या लागत होत्या, त्यांनी ९४ हजारांवर जमवल्या. किराणा दुकानाबाहेर घडीचं टेबल, क्लिपबोर्ड आणि दोरीला बांधलेलं पेन हे दृश्य मला कितीदा दिसलं असेल. दरम्यान न्यायाधीशांच्या वर्तनावर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या आयोगाने गैरवर्तन झालं नसल्याचा निर्वाळा दिला. जिल्ह्याचे मुख्य सरकारी वकील जेफ रोझन यांना शिक्षा अजिबात पटली नव्हती, तरी त्यांनी रिकॉलला विरोध केला. शिक्षेबाबत कोर्टाला सल्ला देणाऱ्या प्रोबेशन विभागाचीच शिफारस सौम्य होती, हेही लोक सोयीस्कर विसरले.

जून २०१८ ची मतपत्रिका पोस्टाने आली. ती टेबलावर पसरली की ताट ठेवायला जागा उरत नाही, नुसत्या गव्हर्नरपदालाच २७ उमेदवार होते. पर्स्कींबाबत दोन प्रश्न: पदावरून काढावं का, हो की नाही; आणि काढलं तर त्या जागी कोण. खाली दोन नावं. पहिल्यावर 'नाही' म्हणणाऱ्यालाही दुसऱ्यावर मत देता येत होतं, हे मला बायकोने दोनदा समजावलं.

तिने 'हो' केलं. तिचं म्हणणं सरळ होतं: पदाधिकारी मतांवर येतो ना, मग मतांवर गेला तर बिघडलं कुठे? मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि 'नाही' केलं. शिक्षा मला आजही चीड आणते. पण उद्या समोर एखादा गरीब पोरगा उभा असेल, ज्याला खरंच दया हवी आहे, तेव्हा न्यायाधीशाच्या डोळ्यांपुढे ते क्लिपबोर्ड नाचतील, ही भीती मला जास्त वाटली. नंतर संशोधकांनी निकाल तपासले, तर रिकॉलची घोषणा झाल्यावर कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांच्या शिक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कडक झाल्याचं दिसलं. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि त्या मुलीच्या वेळी कुणाच्या डोळ्यांपुढे काय नाचत होतं?"

साठ टक्क्यांहून जास्त मतदारांनी 'हो' म्हटलं. कॅलिफोर्नियात असा न्यायाधीश हटवला गेला तो १९३२ नंतर पहिल्यांदा. त्यांच्या जागी सरकारी वकील सिंडी हेंड्रिक्सन निवडून आल्या.

आमची दोन्ही पाकिटं, तिचं 'हो' आणि माझं 'नाही', बाहेरून सह्या करून लायब्ररीसमोरच्या एकाच पेटीत टाकली होती.