माशाचा ठसा, जीवाश्म की अश्मीभूत मासा?

प्रश्न असा: प्राचीन समुद्रातल्या, खवल्यांसकट टिकलेल्या माशाला 'ठसा' म्हणावं, 'जीवाश्म' की 'अश्मीभूत मासा'? आणि जीवाश्म 'सापडला' की 'सापडलं'?

आधी लिंग. संस्कृत 'अश्मन्' (दगड) पुल्लिंगी, म्हणून तो जीवाश्म, अनेकवचनी ते जीवाश्म. 'जीवाश्मं' कानावर पडतं, पण लिहिताना टाळावं.

जीवाश्म हा व्यापक शब्द. ठसाही त्यातच येतो. घोळ होतो तो सरसकट 'ठसा' म्हटल्याने. हाड विरघळून गेलं आणि दगडात नुसता खोलगट आकार उरला, तर तो ठसा. मासा असलेली दगडाची चपटी फरशी उकलताना हाडं एका बाजूला चिकटून राहिली, तर त्या बाजूला मासा आणि समोरच्या बाजूला ठसा. तिरप्या उजेडात भिंग धरलं की कळतं: हाडाला जाडी असते, रंग आणि चकाकी भोवतीच्या दगडाहून निराळी असते.

हा नुसता शब्दच्छल नाही. ऑस्ट्रेलियातल्या गोगो इथले सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचे मासे चुनखडीच्या गोट्यांतून सोडवतात ते सौम्य अ‍ॅसिटिक आम्लात बुडवून. आम्ल चुनखडी खातं, हाडातल्या कॅल्शियम फॉस्फेटला फारसं शिवत नाही. दर खेपेला उघडं पडलेलं हाड भरपूर पाण्यात धुतात, वाळवतात, पातळ रेझिन (राळेसारखा चिकट द्रव) पाजून बळकट करतात. धुण्यात कसूर झाली की हाडाच्या छिद्रांत कॅल्शियम अ‍ॅसिटेटचे स्फटिक वाढतात आणि हाड तडकतं. आणि नोंदवहीत मोघम 'जीवाश्म' लिहिलेली वस्तू चुनखडीतला निव्वळ ठसा निघाली, तर आम्लातून काहीच बाहेर येत नाही.

'अश्मीभूत'मधला 'मी' दीर्घच. घनीभूत, भस्मीभूत यांतला तोच संस्कृतातला 'च्वि' प्रत्यय. अर्थ: जे दगड नव्हतं ते दगड झालं. हाडात खनिज मुळातच असतं, त्यामुळे हा शब्द खरा शोभतो तो मऊ भागांना. ब्राझीलमधल्या अरारिपे खोऱ्यातल्या, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीच्या माशांत स्नायूंचे तंतूसुद्धा कॅल्शियम फॉस्फेटचे झालेले आढळतात. त्यांपैकी ऱ्हाकोलेपिस या माशाचं हृदय भोवतीचा दगडी गोटा न फोडता क्ष-किरणांनी पाहता आलं. ते संशोधन २०१६ सालचं. अशाला खुशाल अश्मीभूत मासा म्हणा. नुसता चपटा सांगाडा असेल तर 'माशाचा जीवाश्म' पुरे.

'जीवाश्म मासा' ही जोडी मात्र नको. नामाला उगाच विशेषणाच्या कामाला जुंपल्यासारखं होतं. फारच गरज पडली तर 'जीवाश्मरूप मासा' लिहावं.