वाचकांचे प्रश्न : जुनी लष्करी रायफल, बेताचा खर्च आणि खारी हवा

प्रश्न : माझे पणजोबा मराठा पलटणीत होते आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढले. त्यांच्या हाती असेल तशी एखादी जुनी लष्करी रायफल संग्रही ठेवावी, अशी फार दिवसांची इच्छा आहे. घर निवृत्तिवेतनावर चालते, त्यामुळे खर्च बेताचाच करता येईल. रायफल चालवायची नाही, केवळ जपायची आहे. कोणती घ्यावी आणि घेताना काय पाहावे? (एक वाचक, देवरुख)

उत्तर : मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या पलटणी डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली. आपले पणजोबा तेथे असोत वा त्याच मोहिमेतील दुसऱ्या तुकडीत, त्या काळातील शिपायाची ओळखीची रायफल म्हणजे शॉर्ट मॅगझीन ली-एनफील्ड. तिचा मार्क थ्री हा नमुना १९०७ साली सैन्याने स्वीकारला. मॅगझीनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, दहा काडतुसे, वजन सुमारे चार किलो आणि बोअर, म्हणजे नळीचे आतील माप, .३०३ इंच, म्हणून आपल्याकडे ती थ्री-नॉट-थ्री या नावानेच ठाऊक आहे. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ती पुढे अनेक वर्षे बनत राहिली.

आपल्या मनात नेमकी हीच रायफल असणार आणि नेमकी हीच आपल्याला घेता येणार नाही, हे प्रथमच सांगणे मला योग्य वाटते. शस्त्र नियमांच्या अनुसूचीप्रमाणे .३०३ आणि ७.६२ मिमी बोअरच्या, किंवा लष्कराची ती काडतुसे ज्यांतून उडू शकतील अशा कोणत्याही रायफली निषिद्ध वर्गात मोडतात. त्याच एनफील्डची नळी आतून गुळगुळीत करून, मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून, पोलिस आणि पहारेकऱ्यांसाठी .४१० बोअरची मस्केट इशापूरला बनवली जात असे. नळीला पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, नाही आणि एकच काडतूस भरता येते, म्हणून ही साधी बंदूक आहे असे समजून कोणी ती विकू पाहतो, पण .४१० मस्केटही त्याच निषिद्ध वर्गात येते. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध शस्त्र विनापरवाना बाळगल्यास किमान सात आणि कमाल चौदा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. कोणी ‘जुनीच तर आहे, कोण विचारतो’ असे म्हणून वस्तू पुढे केली, तर तेथून उठावे.

मग उरते काय? माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत योग्य निवड म्हणजे इशापूरचीच .३१५ बोअरची रायफल. ती लष्करी नव्हे, हे खरे. लष्कराचे काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये, असे ब्रिटिश सरकारचे धोरण होते आणि त्यातूनच .३१५ हा बोअर हिंदुस्थानात रुजला. त्याचे काडतूस ऑस्ट्रियातील ८ मिमी मॅनलिखरच्या कुळातले आहे, पण रायफलीचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलून बंद करणारा दांडा) आणि त्यामागची सारी रचना ली-एनफील्डचीच आहे. आपल्या पणजोबांचा हात ज्या मुठीवर पडत असे, तिची घडण आपल्याला येथे पाहायला आणि हाताळायला मिळते. ती निषिद्ध नसल्यामुळे रीतसर परवान्यावर घेता येते. शेतीच्या संरक्षणासाठी परवाना घेतलेली कुटुंबे कोकणात बरीच आहेत. त्यांतील तरुण पिढी मुंबईला स्थिरावली की जुनी बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे येते. परवान्यावर आता दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन ठेवता येत असत. संग्राहकासाठी ही मर्यादा कठोर आहे, म्हणून घ्याल ती एकच, पण पूर्ण आणि चांगली घ्यावी.

दुसरा मार्ग ठासणीच्या बंदुकीचा. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड ही पिळाची, .५७७ बोअरची, काडतुसाच्या चरबीवरून जे रण पेटले ते तिच्याच काडतुसाचे. त्या उठावानंतर हिंदी शिपायांना जी बंदूक देण्यात आली ती दिसायला तशीच होती, परंतु तिच्या नळीतील पीळ हेतुपुरस्सर वगळलेला होता, जेणेकरून तिचा नेम लांबवर लागू नये. राज्यकर्त्यांचा आपल्या माणसांवरील अविश्वास इतक्या स्पष्टपणे लोखंडात उतरलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही. अशी अस्सल वस्तू आपल्याकडील एखाद्या संग्रहात असावी, असे मला मनापासून वाटते. २०२० च्या दुरुस्त नियमांप्रमाणे ‘क्युरिओ’, म्हणजे जुनी संग्राह्य वस्तू, या वर्गातील शस्त्र नुसते बाळगण्यास भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. मात्र ते वापरण्यास किंवा वाहून नेण्यास लागतो. समजा, पुण्याहून घेतलीत, तर ती देवरुखला आणणे हीसुद्धा वाहतूकच होय. म्हणून पैसे देण्यापूर्वी ही वस्तू त्या वर्गात बसते का आणि ती कशी आणावी, हे जिल्हा परवाना कार्यालयाला लेखी विचारावे आणि उत्तराची प्रत वस्तूबरोबर कायम ठेवावी. गंजून मोडकी झाली म्हणजे कायद्यातून सुटली, हा समज चुकीचा आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधील सवलत दुरुस्ती करूनही जी चालू शकणार नाही अशाच शस्त्राला आहे.

पाहताना घाई करू नये. ठासणीची बंदूक असेल तर आधी गज नळीत सोडून तो किती आत जातो हे बाहेरील लांबीशी ताडून पाहावे. जुन्या घरांतल्या बंदुका भरलेल्या अवस्थेतच वर्षानुवर्षे माळ्यावर राहिलेल्या असतात आणि ही तपासणी विक्रेत्यानेच करून दाखवावी. .३१५ असेल तर बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहावे. पीळ ठळक असावा, भिंतीवर खड्डे नसावेत. बोल्ट, नळी आणि मुख्य सांगाडा यांवरील क्रमांक एकच आहेत का, आणि तेच परवान्याच्या कागदावर आहेत का, हे स्वतः वाचावे, दुसऱ्याने वाचलेले मान्य करू नये. सर्वांत फसवी जागा लाकडाखालची. वरून तेलाने चकाकणारी नळी पुढच्या लाकडाच्या आत पोखरलेली असू शकते आणि किनाऱ्यावरच्या बंदुकीत ही शक्यता मोठी आहे; म्हणून ते लाकूड काढून दाखवण्याचा आग्रह धरावा. विक्रेता नकार देत असेल तर नकारातच उत्तर मिळाले असे समजावे. नव्याने घासून काळी केलेली, शिक्के पुसट झालेली बंदूक कितीही देखणी असली तरी मी घेणार नाही, कारण संग्राहकाला हवे असते ते त्या शिक्क्यांतच असते.

एवढेही परवडत नसेल तर एनफील्डच्या दस्त्यातील पोकळीत शिपाई जी पितळी तेलाची बाटली आणि नळी साफ करण्याची दोरी ठेवत असे, ती किंवा खांद्याचा जुना पट्टा जमवावा. मात्र बोल्ट, नळी, मॅगझीन यांच्या वाटेला जाऊ नये, कारण कायद्याच्या दृष्टीने शस्त्राचे सुटे भाग हेही शस्त्रच आहे.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे आणि त्याला ग्रीन कार्ड मिळाले आहे. तेथे जुन्या लष्करी रायफली स्वस्तात मिळतात, असे तो म्हणतो. त्याने कोणती निवडावी आणि ती पुढे दापोलीच्या घरी आणता येईल का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : दापोली ही ब्रिटिश काळात निवृत्त सैनिकांची वस्ती असलेली छावणी, तेथील घरातून हा प्रश्न यावा, यात नवल नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. .३०३ येथे निषिद्ध असल्यामुळे ती आणता येणार नाही. ती अमेरिकेतच राहील, हे धरूनच त्याने ठरवावे.

ग्रीन कार्ड असल्यामुळे त्याला खरेदीस केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, परंतु तात्पुरत्या कामाच्या व्हिसावरील त्याच्या मित्रांना सर्वसाधारणपणे बंदूक बाळगता येत नाही, अपवाद मोजके आहेत. त्याच्या राज्याचे नियम वेगळे असू शकतात, ते त्याने पाहावेत. तेथे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील बंदुकांसाठी संग्राहकाचा वेगळा केंद्रीय परवाना मिळतो. तीन वर्षांसाठी त्याचे शुल्क ३० डॉलर आहे आणि त्यावर परराज्यातून मागवलेली रायफल घरपोच येऊ शकते. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक तर केंद्रीय कायद्याने पुराणवस्तूच मानली जाते. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातील मार्टिनी-हेन्री रायफलींचा मोठा साठा २००३ साली अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला, त्यांपैकी बऱ्याच या वर्गात बसतात. त्या मळलेल्या अवस्थेत मिळतात आणि साफ करायला महिने लागतात. ज्याला ते काम आवडते त्याच्यासाठी त्या उत्तम आहेत.

रशियन मोसिन-नागान एके काळी सर्वांत स्वस्त होती, म्हणून नवखे संग्राहक तिकडे वळत. आता भाव चढले आहेत आणि स्वस्ताई हे कारण उरलेले नाही. स्वित्झर्लंडची १९३१ ची कॅराबिनर कारागिरीत वरचढ आहे. तरीही दापोलीच्या मुलाने इशापूरची एनफील्ड घ्यावी, असेच मी सांगेन. मुठीजवळच्या धातूच्या कड्यावर उजव्या बाजूला मुकुट, राजाची अक्षरे, ‘इशापूर’ हे नाव आणि साल कोरलेले असते; स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह येतात. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर ती दुरुस्ती समजू नये. बाँब फेकण्यासाठी वापरायच्या रायफलींना असे बांधून बळकटी दिली जाई. ‘डीपी’ अक्षरे असतील तर ती केवळ कवायतीची, चालवण्यास धोक्याची. नावातले स्पेलिंग चुकलेले, अक्षरे उलटी पडलेली दिसली तर खैबर खिंडीच्या परिसरातील गावठी नक्कल हाती आली आहे, हे ओळखावे. १९६० च्या दशकात इशापूरने ७.६२ मिमी काडतुसासाठी त्याच घाटाची रायफल बनवली. ती तुलनेने तरुण आहे, पण संपूर्णपणे भारतीय सैन्याची आहे, आणि पैसे कमी असतील तर तिचाही विचार जरूर करावा. चालवायची असेल तर बोल्ट आणि नळी यांमधील अंतर जाणकार कारागिराकडून मोजून घेतल्याशिवाय एकही काडतूस भरू नये.

प्रश्न : आजोबांच्या नावावरची .३१५ आता माझ्या नावावर झाली आहे. घर समुद्राला लागून आहे आणि दर पावसाळ्यात नळीवर गंज चढतो. काय करावे? (एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : नाव बदलून घेतलेत हे फार चांगले झाले. ज्यांचे अजून झालेले नाही त्यांनी बंदूक घरात न ठेवता पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग अर्ज करावा.

गंजाचे पहिले कारण बहुधा आवरणच असते. चामड्याच्या किंवा किंतानाच्या पिशवीत रायफल ठेवू नये. अशी पिशवी खारा ओलावा धरून ठेवते. समुद्राकडील भिंतीपासून दूर, कुलूपबंद पण हवा खेळणाऱ्या कपाटात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह रायफल ठेवावी आणि पुड्या ओल्या झाल्या की बदलाव्यात. मृग लागण्यापूर्वी लाकूड काढून नळीच्या खालच्या बाजूलाही पातळ तेल द्यावे आणि पावसाळ्यात दर आठवड्याला फडक्याने पुसावे. घाम लागलेला हात लोखंडावर फिरला असेल तर त्याच दिवशी पुसावे. दस्त्याला जवसाचे तेल चोळावे, वॉर्निश लावू नये. चढलेला गंज पॉलिश पेपरने काढू नये; तेलात भिजवून ठेवावा आणि तांब्याच्या बारीक तारांच्या चोथ्याने हळूहळू उतरवावा, शिक्क्यांच्या जागी तर बोटानेच. जुन्या काडतुसांच्या बुडाशी बार पेटवणारी जी टोपी असते तिच्यात क्लोरेट हे रसायन असेल तर बार उडाल्यावर नळीत क्षार उरतात आणि ते तेलाने निघत नाहीत. अशा वेळी नळीतून गरम पाणी सोडावे, ती पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेल लावावे. निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करावी लागली तर देण्यापूर्वी जाडसर तेल द्यावे, क्रमांकासह पावती घ्यावी आणि परत मिळताच ती पुन्हा उघडून पाहावी.