बेलापूरचं इंजिन शोधताना

नौपाडा, ठाणे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. तुझे आजोबा उभे आहेत, शेजारी छातीएवढ्या उंचीचं इंजिन, मागे उसाने भरलेले डबे आणि फोटोच्या पाठीवर शाईने एकच शब्द, ‘बेलापूर’. तू ऐरोलीत वाढलेली, त्यामुळे नवी मुंबईच्या बेलापुरात, सीबीडीत, किल्ल्यापाशी, जुन्या गावठाणात विचारत फिरलीस हे साहजिक आहे. पण ज्या बेलापुरात असा ऊस वाहिला जायचा ते नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातलं. श्रीरामपूरजवळ हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता. पहिल्या महायुद्धानंतर उभा राहिला, प्रवरेच्या कालव्याच्या पाण्यावर वाढला. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पूर्ण झालं आणि त्या भागात ऊसच ऊस झाला. मळ्यांतून कारखान्यापर्यंत ऊस आणायला कंपनीची स्वतःची छोटी रेल्वे होती. तुझा शोध तिथून सुरू होतो.

आता इंजिनाच्या मागे धावण्याआधी एक गोष्ट समजून घे. अशी रेल्वे सगळ्या कारखान्यांना का नव्हती? ज्या खासगी कंपनीचे हजारो एकर सलग मळे होते तिलाच स्वतःच्या जमिनीत रूळ टाकणं परवडायचं. वालचंद हिराचंदांच्या वालचंदनगर साखर कारखान्याची गोष्टही अशीच, आणि त्या वालचंदांनी ठेकेदारीची सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून केली होती हे विसरू नकोस. सहकारी कारखान्यांचा ऊस शेकडो शेतकऱ्यांच्या तुकड्यातुकड्यांच्या रानांतून यायचा. तिथे बैलगाडी आणि पुढे ट्रकच सोयीचा. मग 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कंपन्यांचे मळे गेले आणि 1963 मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे आले. मळा एकाचा आणि कारखाना दुसऱ्याचा झाल्यावर त्या रुळांचा आधारच गेला. म्हणून तुझ्या इंजिनाचे कागद तीन ठिकाणी विखुरलेले असणार: कंपनीकडे, महामंडळाकडे आणि महसुलाच्या दप्तरात. फक्त कारखान्याच्या दारात उभी राहून विचारशील तर ‘कधीच भंगारात गेलं’ एवढंच ऐकायला मिळेल.

ते उत्तर ऐकलंस की थांबू नकोस. कुणी विकलं, कोणत्या साली, किती इंजिनं एकदम गेली, लिलाव झाला का, उचलायला ट्रक कुठून आला, हे विचार. भट्टीत गेलेल्या इंजिनाची अखेर पुराव्यानिशी लिहून ठेवणं हीसुद्धा शोधाची पूर्तता आहे, असं मी मनापासून मानतो. आपल्या ठाण्याचंच बघ. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून आपल्याकडे आलेली गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. नावं ठाण्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. पण तिन्हीपैकी एकही आज शिल्लक नाही. त्याआधी 1852 मध्ये भायखळ्याला काम करणारं ‘लॉर्ड फॉकलंड’ही नाही. इतक्या गाजलेल्या इंजिनांची ही गत, मग उसाच्या मळ्यातल्या इंजिनाची नोंद कोण ठेवणार? ती आपणच ठेवायची.

उलट उदाहरणही आहे. पतियाळा संस्थानात एकाच रुळावर चालणारी वाफेची रेल्वे होती, तिची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची. ती 1927 मध्ये बंद पडली. 1962 मध्ये माइक सॅटो या रेल्वेवेड्या इंग्रज गृहस्थांना तिचे अवशेष पतियाळाच्या बांधकाम खात्याच्या आवारात सापडले. पस्तीस वर्षं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच पडून होते. अमृतसरच्या वर्कशॉपमध्ये त्यातलं एक इंजिन दुरुस्त झालं आणि आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. म्हणून बंद कारखान्याचा स्टोअर यार्ड, बागेतला चौथरा, शाळेचं पटांगण, काहीही वगळू नकोस.

समजा, लोखंड सापडलं. मग ओळख कशी पटवायची? पितळी पाटीवर विसंबू नकोस, चोरीला सगळ्यात आधी तीच जाते. चाकांना जोडणाऱ्या दांड्याकडे जा. त्याच्या टोकाला, जिथे तो चाकाच्या पिनवर बसतो तिथे, बांधणाऱ्या कंपनीचा अनुक्रमांक ठोकलेला असतो. तो रंगाच्या आणि घट्ट झालेल्या ग्रीसच्या थराखाली असतो. परवानगी घेऊन जुन्या सुती फडक्याला थोडं रॉकेल लावून हळूहळू पुस, पॉलिश पेपर अजिबात वापरू नकोस. टॉर्च समोरून मारलास तर काही दिसणार नाही. ती दांड्याला जवळजवळ टेकवून तिरकी धर, आकड्यांच्या कडांची सावली पडते. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घे. एका बाजूला एक आकडा आणि दुसऱ्या बाजूला वेगळा निघाला तर गोंधळू नकोस. फिटर मंडळी एका इंजिनाचे भाग दुसऱ्याला सर्रास लावत. दोन्ही आकडे लिही, कुठे मिळाले तेही लिही आणि निर्णय नंतरवर ठेव.

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. ते मोजताना रूळ नसतील तर दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर घे. ते गेजपेक्षा साधारण पाच-सहा सेंटिमीटरने कमी भरतं. दोन फुटी म्हणजे 610 मिलिमीटर, अडीच फुटी म्हणजे 762. पाण्याची टाकी कुठे आहे ते पाहा: बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली असेल तर मन बहुधा इंग्रजी बांधणीकडे वळव, खाली चौकटीच्या मध्ये दडलेली असेल तर जर्मन असण्याचा संभव जास्त. हा नुसता अंदाज. उत्तर प्रदेशातल्या साखर कारखान्यांत तर अमेरिकन इंजिनंही निघाली आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बाल्डविन या अमेरिकन कंपनीने बांधलेली ती इंजिनं युद्ध संपल्यावर इकडे विकली गेली. त्यातलं 778 क्रमांकाचं इंजिन उसाची आयुष्यभर सेवा करून पुढे ब्रिटनला परत गेलं.

बॉयलर हा स्वतंत्र माग आहे आणि मला तो सगळ्यात भरवशाचा वाटतो. 1923 च्या बॉयलर कायद्यातून रेल्वेची इंजिनं वगळली होती, कारखान्याची खासगी इंजिनं त्या सवलतीत बसत नव्हती. नोंदणी क्रमांक बॉयलरच्या पत्र्यावर कायमचा कोरायचा आणि तपासणी होऊन ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळायचं. इंजिन विकलं गेलं तरी बॉयलरचा क्रमांक तोच राहतो. बाष्पके संचालनालयाला, म्हणजे बॉयलरच्या सरकारी खात्याला, आधी साधं, नम्र पत्र लिही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज पहिल्याच फटक्याला नको, कारकून बिथरतात. आणि बॉयलरभोवतीच्या पांढुरक्या, भुसभुशीत लेपाला हात लावू नकोस, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

कागदांसाठी लांब जायची घाई नको. आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून इथे ठाण्यात आहे. साखर कारखान्यांच्या स्मरणिका, जुनी मासिकं आणि जिल्ह्यांची गॅझेटिअरं आधी तिथे धुंडाळ. स्मरणिकेत भाषणं सोडून दे, जाहिराती आणि ग्रुप फोटोंखालची नावं वाच. नंतर काळा घोड्याचं राज्य अभिलेखागार आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे. त्यांत अशा ट्रामलाइन दाखवलेल्या असतात. त्या रेषा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहा. शेतांच्या चौकोनी बांधांमधून एखादा बांध उगाचच लांब वळण घेत जात असेल, तर तिथे रूळ असण्याची शक्यता फार मोठी.

त्याआधी एका रविवारी कर्जत लोकल पकडून नेरळला जा आणि डोळ्याला सवय लाव. माथेरानची 1907 ची लाइन दोन फुटी, तिची स्वतःची इंजिनं सहा चाकांची, ओरेनस्टाइन अँड कोपेलची. पण नेरळला दार्जिलिंगहून आणलेलं चार चाकांचं बी वर्गाचं 794 क्रमांकाचं इंजिनसुद्धा आलं होतं. माथेरानचं जुनं इंजिन म्हणून लोक कशाचेही फोटो दाखवतात. कोणतं कुठलं, हे तुला न विचारता सांगता आलं पाहिजे.

एक ताकीद. बेवारस उभं असलेलं इंजिन सापडलं तर जागा चारचौघांत सांगू नकोस, फोटोतून लोकेशन काढून टाक. आतल्या फायरबॉक्सला, म्हणजे आग जळते त्या पेटीला, तांबं असतं हे भंगारवाल्यांना आपल्याआधी माहीत असतं. पाटी, शिट्टी, नट, काहीही पिशवीत घालून आणायचं नाही. मालक ‘घेऊन जा’ म्हणाला तरी नाही.

आता माणसं. साठ-सत्तरच्या दशकांत साखर कारखान्यांतले कितीतरी फिटर आणि टर्नर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांत आले. त्यांची मुलं-नातवंडं कळव्यात, घणसोलीत, तुझ्याच सोसायटीत असतील. तुझ्या आजोबांचं तसंच झालं, असं तू लिहिलंयस. म्हणजे त्यांच्याबरोबर आलेले आणखी कुणी असणारच. श्रीरामपूरच्या तुझ्या आत्याला विचार, आजोबांच्या जोडीला फायरमन कोण होता, तो कोणत्या चाळीत राहायचा, सीझन संपल्यावर इंजिनं कुठे उभी करत आणि भोंगा झाल्यावर घरी कोण डबा न्यायला यायचं. इंजिनाचा नंबर पहिल्या फोनला विचारू नकोस. आत्या त्या डब्याबद्दल बोलू लागली की लोको शेडची वाट आपोआप सांगेल. फोन रेकॉर्ड करायची परवानगी मात्र आधी माग, आणि तारीख टाकून मला पाठव.

तुझा,
काका

ता.क. फोटोची मूळ प्रत अल्बममधून ओढून काढू नकोस. गोंद जुना आहे, पाठीवरची शाई जाईल. आहे तशीच स्कॅन कर, जास्तीत जास्त रिझोल्यूशनवर. इंजिनाच्या टाकीच्या कडेला मला एक आकडा असल्यासारखा वाटतोय.