आजोबा थकत नव्हते, मग हाच का थकतो?

मुलगा डॉक्टर झाला, पण कामाला कमी पडतोय, त्याला जरा खंबीर करा. इंदूरमध्ये राजेंद्र नगरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येणाऱ्या आयांकडून हे मी अनेकदा ऐकलं आहे. त्यातलीच एक हकीकत सांगते, नावं आणि ओळखीच्या खुणा बदलून.

सुधाताई गेल्या पावसाळ्यात आल्या. मुलगा निखिल एमडीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे शिकता शिकता रुग्णालयात काम करणारा निवासी डॉक्टर. ताटावरच डुलक्या घेतो, आईवर खेकसतो, मामेभावाच्या मुंजीलाही आला नाही. त्याच आठवड्यात ड्यूटीवरून परतताना त्याने स्कूटर दुभाजकावर घातली होती. "ह्यांचे वडील रामबागेत डॉक्टर होते, मॅडम. रात्री दोनला कुणी दार ठोठावलं तरी बॅग घेऊन सायकलवर निघायचे. ते नाही कधी थकले. याला काय झालंय?"

निखिल दोनदा वेळ ठरवून आला नाही. तिसऱ्यांदा आला. मी पाणी घेऊन येईपर्यंत खुर्चीतच झोपला होता. चाळीस मिनिटं मी त्याला उठवलं नाही. जागा झाल्यावर तो तीन वेळा सॉरी म्हणाला. सव्वीस वर्षांच्या मुलाला झोप लागल्याबद्दल माफी मागावीशी वाटते, याने माझ्या पोटात कालवलं.

मग आम्ही कागद घेतला आणि त्याच्या युनिटचा इमर्जन्सीचा दिवस तासातासाने लिहून काढला. सकाळी ६ ला सॅम्पल, मग राउंड, दिवसभर आणि रात्रभर नव्या रुग्णांची भरती, दुसऱ्या दिवशी पुन्हा राउंड, ओपीडी, वॉर्डातली उरलेली कामं. सुटका संध्याकाळी ६ ला. सलग ३६ तास. "यात डॉक्टर म्हणून केलेल्या कामाभोवती गोल कर," म्हटलं. निम्म्या ओळी गोलाबाहेर राहिल्या. ट्रॉली ढकलणं, रक्ताची पिशवी आणायला धावणं, हरवलेला रिपोर्ट शोधणं, डिस्चार्ज कार्ड, आयुष्मान या सरकारी उपचार योजनेच्या मंजुरीसाठी कागद संगणकावर चढवणं. वॉर्डबॉय कमी, नर्स कमी, वरच्या जागा रिकाम्या. जे कुणाचंच नाही ते काम सगळ्यात धाकट्याच्या अंगावर येतं. त्यात धार, झाबुआ, बडवानीहून पाठवलेले रुग्ण. तिकडे तज्ज्ञ असते तर त्यातल्या कित्येकांना इथवर यावंच लागलं नसतं. पलंग संपतात, भरती थांबत नाही.

आणि नियम नाहीत असंही नाही. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत साधारणपणे एका वेळी १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असंच लिहिलं आहे, पण पुढे 'कामाच्या गरजेनुसार' अशी पळवाटही आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. निखिलच्या आठवड्याची बेरीज केली, ती ९६ झाली. मोजणारं आणि अडवणारं कुणी नसेल तर आकडा कागदावरच राहतो. शिवाय न झोपणं ही तिथे शौर्याची खूण आहे. "आम्हीही केलंय" हे ऐकल्यावर पहिल्या वर्षाचा मुलगा बोलणार कसा?

सगळ्यांत जपून विचारायचा प्रश्न मी सरळच विचारला: मरून जावं असं वाटतं का? तो बराच वेळ गप्प होता. "मरायचं नाही, मॅडम. पण एखादं हाड मोडलं तर दोन आठवडे झोपायला मिळेल, असं वाटतं." याला मी थकवा म्हणून सोडून देत नाही. त्याच आठवड्यात त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिला. तिथे रात्री-अपरात्रीही माणूस बोलायला असतो.

आईवडिलांना वेगळं बसवलं. आजोबांचं थोरपण मला कमी करायचं नव्हतं. मी फक्त विचारलं, "दुपारी काय करायचे ते?" वडील म्हणाले, "एक ते चार दवाखाना बंद. झोपायचे. आम्हाला आवाज करायची बंदी होती." बोलता बोलता ते स्वतःच थांबले. आजोबा रात्री उठत, ते ओळखीच्या एखाद्या घरासाठी, आणि दुपार त्यांची स्वतःची होती. मग मी त्यांना १९९७ मधल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि लक्ष, १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकं ढिलं पडतं. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. सुधाताईंनी पदर डोळ्यांना लावला. स्कूटरचा अपघात हा त्या मुलाचा वेंधळेपणा समजत होत्या.

पुढे जे झालं ते थोडंच आहे. निखिल आणि त्याचे दोन सोबती लिहिलेला तक्ता घेऊन युनिटप्रमुखांकडे गेले. तक्रार केली नाही, एवढंच मागितलं की इमर्जन्सीनंतरच्या दिवशी दुपारी २ ला सोडा, तिघं आळीपाळीने उरलेलं काम सांभाळू. सर बराच वेळ कागद बघत बसले आणि हो म्हणाले. ट्रॉली अजून तेच ढकलतात. रिकाम्या जागा रिकाम्याच आहेत. ते माझ्या खोलीत सुटणारं नाही, आणि ते निखिलच्या खंबीरपणावर ढकलायला मी तयार नाही.

घरी दोन गोष्टी बदलल्या. आजोबांचं उदाहरण बंद झालं. आणि ड्यूटी संपली की वडील गाडी घेऊन गेटवर उभे राहतात, मागच्या सीटवर उशी असते. निखिल अजून महिन्यातून एकदा येतो. पुढची वेळ मंगळवारची आहे, इमर्जन्सी लागली तर बुधवारी.