ढकललं की पळतो, उभा असला की नुसती घर्रघर्र

प्रश्न: सर, मी पॉलिटेक्निकला थर्ड इयरला आहे. जुन्या लाँगबोर्डवर इलेक्ट्रिक स्केटबोर्ड बनवलाय, 6374 साइझची 190 केव्हीची (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला साधारण 190 फेरे) सेन्सरवाली मोटर, मोटरला करंट देणारा व्हेस्क कंट्रोलर, 10एस (दहा सेल एकापुढे एक जोडलेली) लिथियम बॅटरी आणि मागच्या एका चाकाला बेल्ट. चार महिने मस्त चालला. मागच्या आठवड्यात पावसात ओल्या रस्त्यावरून घरी आलो, तेव्हापासून थ्रॉटल दिला की मोटर जागच्या जागी झटके मारते, चाक फिरतच नाही. पायाने दोनदा ढकललं की मग नीट पळतो, ताकदही पूर्वीसारखीच. दुकानवाले म्हणतात मोटर जळाली, नवीन घ्या. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर: थांब, नवीन मोटर लगेच घेऊ नकोस. ‘ढकललं की नीट पळतो’ हे तू जाता जाता लिहिलंयस, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. वाइंडिंग, म्हणजे आतली कॉइल, जळलेली मोटर ढकलून सुधारत नाही, आणि मोटरला करंट नेणाऱ्या तीन जाड फेज वायरपैकी एक सुटली असती तर ती वेगातही थरथरली असती. तुझा संशय जायला हवा हॉल सेन्सरवर. मोटर उभी असताना चुंबक नेमके कुठे आहेत हे कंट्रोलरला हे तीन सेन्सरच सांगतात, एकदा वेग आला की तो कॉइलमधल्या व्होल्टेजवरूनच अंदाज घेतो, म्हणून पळताना तक्रार नाही.

तरी मोटरची खात्री करून घे, दहा मिनिटांचं काम आहे. बॅटरी काढ, बेल्ट उतरव, तिन्ही फेज वायर सोडव आणि एकमेकींना लागू न देता मोटर हाताने फिरव. चुंबकांचे हलके टकटक झटके लागतील ते ठीक, पण वायर मोकळ्या असूनही ब्रेक लावल्यासारखी जड वाटली तर आत शॉर्ट आहे. मग दोन-दोन वायर जोडून फिरव, आता जड लागेल, आणि तिन्ही जोड्यांना सारखीच जड लागली पाहिजे. मल्टिमीटरने ओहम मोजत बसू नकोस, या कॉइलचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की प्रोबच्या वायरचाच त्याहून जास्त भरतो. फक्त फेज वायर आणि मोटरची बॉडी यांत बीप येत नाही ना ते बघ, आली तर मात्र दुकानवाल्यांचं बरोबर.

आता सेन्सर. फेज वायर सुट्याच ठेव, टोकांना टेप लाव, सेन्सरचा कनेक्टर कंट्रोलरला जोड आणि बॅटरी लाव. या कनेक्टरच्या लाल आणि काळ्या वायरमध्ये 5 व्होल्ट येतात का मल्टिमीटरवर बघ. मग काळा प्रोब ग्राउंडला, म्हणजे त्या काळ्या वायरला, धरून लाल प्रोब कनेक्टरच्या मागून एकेका सिग्नल वायरला लाव आणि मोटर अगदी हळू, बोटाने, घड्याळाच्या काट्यासारखी फिरव. आकडा शून्याजवळ जाऊन परत वर उडी मारायला हवा. या साइझच्या बहुतेक मोटरमध्ये 14 चुंबक असतात, म्हणजे एका फेऱ्यात 7 वेळा वर आणि 7 वेळा खाली. एखादी वायर हललीच नाही तर दोष सापडला. सहावी वायर बहुधा टेम्परेचरची, ती अशा उड्या मारत नाही, तिला घाबरू नकोस.

पण सेन्सर मेला असं लगेच ठरवू नकोस, पावसानंतर बहुतेकदा कनेक्टरच दगा देतो. तो छोटा पांढरा कनेक्टर काढून पिनांवर हिरवट थर आलाय का बघ, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घास, पूर्ण वाळू दे. मोटरमधून वायर बाहेर येते तिथेही नीट वाकवून बघ, बारीक वायर आतून तुटते आणि वरचं इन्सुलेशन मात्र शाबूत दिसतं. दुरुस्त झालं की चाक उचलून धरून व्हेस्क टूलमध्ये (कंट्रोलरच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) मोटर डिटेक्शन, म्हणजे कंट्रोलरने मोटर आणि सेन्सर ओळखण्याची चाचणी, पुन्हा चालव, हे विसरू नकोस.

सेन्सर खरंच गेला असेल तर तो बदलता येतो, पण स्टेटरवर, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या कॉइलच्या भागावर, चिकटवलेला असतो, सोल्डरिंगवर हात बसलेला नसेल तर नको. व्हेस्कमध्ये सेन्सरलेस मोड (सेन्सरशिवाय चालवणं) ठेव आणि पायाने ढकलून सुरू कर, सपाट रस्त्यावर छान चालतं.

तोवर एक कळकळीची विनंती, बोर्ड अडकलेला असताना बोर्डवर उभं राहून थ्रॉटल दाबत राहू नकोस. फिरत नसलेल्या मोटरमध्ये सगळा करंट त्याच कॉइलमध्ये उष्णता करतो, आज न जळलेली मोटर त्याने उद्या खरंच जळेल.