प्रवर्तक : करणारा की जागा?

एका वाचकाने विचारले आहे की, «सिग्मा घटक प्रवर्तक ओळखतो» या वाक्यात ‘प्रमोटर’साठी ‘प्रवर्तक’ हा शब्द योग्य आहे का आणि ‘ओळखतो’ हे क्रियापद रेणूला शोभते का. सिग्मा घटक हे जीवाणूंमधील एक प्रथिन; डीएनएवरून आरएनएची प्रत काढण्याचे काम, म्हणजे प्रतिलेखन, सुरू करण्यास ते मदत करते.

‘प्रवर्तक’ हा कर्तृवाचक शब्द आहे. गृहनिर्माण संस्थेचा मुख्य प्रवर्तक म्हणजे काम सुरू करून देणारी व्यक्ती. जीवाणूच्या डीएनएवरील प्रवर्तक मात्र स्वतः काही करत नाही; ती जनुकाच्या अलीकडची जागा आहे. ही गफलत मराठीने केलेली नाही. जाकोब, उलमान व मोनो या शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये फ्रेंचमध्ये हे नाव वापरले तेव्हा सिग्मा घटक ठाऊकच नव्हता, तो 1969 मध्ये सापडला. म्हणजे खरा सुरू करून देणारा हाती लागण्यापूर्वीच ते नाव जागेला मिळून गेले होते. म्हणून शब्द रूढ असला तरी पहिल्या उल्लेखात तरी ‘प्रवर्तक-स्थळ’ लिहावे, असे माझे मत आहे. ‘आरंभबिंदू’ मात्र चालणार नाही, कारण तो प्रतिलेखनाचा पहिला क्षार (‘बेस’, म्हणजे ए, टी, जी, सी या डीएनएच्या अक्षरांपैकी एक), म्हणजे +1, होय, आणि त्याच्या अलीकडची मोजणी शून्य न घेता थेट –1 पासून सुरू होते.

आता ‘ओळखतो’. ई. कोलाय या जीवाणूमधील सिग्मा-70 या मुख्य सिग्मा घटकाचा एक भाग –35 जवळच्या ‘टीटीजीएसीए’ या अनुक्रमाला दुहेरी सर्पिलाच्या रुंद खाचेतून भिडतो. तेथे ‘ओळखणे’ चपखल बसते. –10 जवळच्या ‘टीएटीएएटी’पाशी गोष्ट वेगळी आहे. तेथे –11 वरील ‘ए’ आणि –7 वरील ‘टी’ हे क्षार साखळीतून बाहेर वळून सिग्माच्या खोबणीत बसतात, आणि डीएनएचे दोन धागेही तेथेच सुटू लागतात. ओळखणे आणि उकलणे तेथे एकच क्रिया असल्याने नुसते ‘ओळखतो’ अपुरे पडते. या दोन अनुक्रमांमधले अंतर साधारण 17 क्षारजोड्यांचे असले तर ते सर्वांत सोयीचे ठरते.

कर्त्याबाबतही काळजी हवी. सुटा सिग्मा-70 प्रवर्तकाला नीट धरू शकत नाही. आरएनए पॉलिमरेज या आरएनए तयार करणाऱ्या विकराच्या गाभ्याशी जोडला गेल्यावरच त्याला ते साधते. म्हणून मी ते वाक्य असे लिहीन : «सिग्मा घटकाच्या साहाय्याने आरएनए पॉलिमरेज हे विकर प्रवर्तक-स्थळ ओळखते आणि तेथील डीएनए उकलून प्रतिलेखन सुरू करते.»